तांबडी पेशी कधी फुगते, कधी आकसते: परासरणाचे प्रयोग, हिशेबासकट

परासरणाची, म्हणजे पडद्यातून पाण्याच्या ये-जा करण्याची, व्याख्या आठवीपासून पाठ असते, आणि तरीही बारावीच्या तोंडी परीक्षेत ‘या द्रावणात पेशीचं काय होईल?’ असं विचारलं की विद्यार्थी अडखळतो. ‘कमी संहतीकडून जास्त संहतीकडे’ हे वाक्य तो म्हणतो खरा, पण ही संहती पाण्याची की मिठाची, हे त्याचं त्यालाच ठरवता येत नाही. व्याख्या बाजूला ठेवून हातात नळ्या, मीठ आणि वजनकाटा घेतला तर हा गोंधळ एका दुपारीत निस्तरतो. पुढचा सगळा लेख त्या दुपारीसाठी आहे. पहिला प्रयोग घरीही होतो, बाकीचे प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखालीच करायचे.

आधी दोन प्रश्न

कोणतंही द्रावण समोर आलं की स्वतःला दोनच गोष्टी विचाराव्यात. पडद्याच्या कोणत्या बाजूला विरघळलेले कण जास्त आहेत? आणि त्यांतले कोणते कण पडदा ओलांडू शकत नाहीत? पाणी जातं ते जास्त कणांच्या बाजूला, पण कायमचं ओढून धरण्याचं बळ फक्त अडकून पडलेल्या कणांत असतं. पाठ्यपुस्तकातले प्रश्न पहिल्या मुद्द्यावर थांबतात. खरी मेख दुसऱ्यात आहे, आणि पुढचा युरियाचा प्रयोग मुद्दाम तेवढ्यासाठी ठेवला आहे.

पुस्तकातली नावं तीन. बाहेरचं द्रावण पेशीच्या तोडीस तोड असेल तर समपरासारी: पाणी आत येतं तेवढंच बाहेर जातं. बाहेर द्राव्य कमी, पाणी जास्त असेल तर अवपरासारी: पेशी फुगते. बाहेर द्राव्य जास्त असेल तर अतिपरासारी: पेशी आकसते. वनस्पतीपेशीला भित्तिका असते, त्यामुळे ती फुगून ताठ होते आणि तिथेच थांबते. प्राणीपेशीला हा आधार नाही. म्हणून तिच्या बाबतीत शेवट फुटण्यापर्यंत जाऊ शकतो.

पाणी पेशीत शिरतं कुठून? थोडं मेदाच्या थरातून झिरपतं, पण तांबड्या पेशीत बरचसं पाणी ॲक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या वाहिन्यांतून जातं. अशा एका वाहिनीतून सेकंदाला सुमारे ३०० कोटी पाण्याचे रेणू जातात. या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं, आणि हे प्रथिन त्यांना सापडलं ते तांबड्या पेशींवर काम करतानाच. पुढच्या प्रयोगात पाण्याच्या नळीत रक्ताचा थेंब पडताक्षणी रंग का पालटतो, याचं उत्तर या आकड्यात आहे.

मिठाच्या पाण्याचा हिशेब

हा हिशेब एकदा स्वतः मांडल्याशिवाय नळ्या भरू नका. ०.९% मिठाचं पाणी म्हणजे लिटरमागे ९ ग्रॅम मीठ. मिठाचा रेणूभार ५८.५, म्हणून ९ भागिले ५८.५, म्हणजे ०.१५४ मोल, अर्थात १५४ मिलीमोल. पाण्यात मीठ सोडियम आणि क्लोराइड असं दोन तुकड्यांत सुटं होतं, म्हणून दुप्पट: ३०८ मिलीऑस्मोल (विरघळलेल्या एकूण कणांचं माप). माणसाच्या रक्तद्रवाचा आकडा साधारण २७५ ते २९५ च्या दरम्यान असतो. मिठाचे आयन पूर्ण मोकळेपणाने वागत नसल्यामुळे प्रत्यक्षात ३०८ पेक्षा थोडे कमीच भरतात, आणि दोन्ही आकडे जवळ येतात. सलाईनच्या बाटलीवर ०.९% का छापलेलं असतं, ते एवढ्यावरून कळतं.

साखर, ग्लुकोज, युरिया यांचे तुकडे होत नाहीत, तिथे दुप्पट करायचं नाही. ही चूक उत्तरपत्रिकांत हमखास दिसते.

सोडियम मुळीच आत शिरत नाही असं नाही. तो हळूहळू झिरपतो, पण पडद्यातला सोडियम-पोटॅशियम पंप दर फेरीला ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे हिशेबापुरतं मीठ ‘बाहेर अडकलेलं’ धरायला हरकत नाही.

प्रयोग पहिला: टरफल काढलेलं अंडं

पांढऱ्या टरफलाची, साधारण एकाच आकाराची तीन अंडी घ्या. तपकिरी अंडीही चालतात, पण त्यांचा रंग सुटून मळीसारखा तरंगतो. किराणा दुकानात मिळणारं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर रुंद तोंडाच्या बरणीत अंडी बुडतील इतकं ओता. टरफलातलं कॅल्शियम कार्बोनेट आणि ॲसेटिक आम्ल यांची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे लगेच सुरू होतात. झाकण घट्ट लावू नका. साधारण २४ तासांनी व्हिनेगर बदला. ४८ तासांत टरफल बहुधा निघून जातं. उरलेली पांढरी पूड नळाच्या बारीक धारेखाली अंगठ्याने हळुवार चोळून काढा. नखं लागली की अंडं गेलंच म्हणून समजा, त्यासाठी एक-दोन अंडी जास्तीची ठेवलेली बरी.

आता प्रत्येक अंडं कापडाने टिपून १ ग्रॅमपर्यंत अचूक काट्यावर तोला. हे सुरुवातीचं वजन. टरफल गेल्यावरचं वजनच धरायचं, कारण व्हिनेगरमध्ये असताना अंड्याने आधीच थोडं पाणी घेतलेलं असतं.

एक अंडं साध्या पाण्यात ठेवा, दुसरं साखरेच्या पाकात (१०० मिली गरम पाण्यात १५० ग्रॅम साखर विरघळवून पूर्ण गार केलेला), आणि तिसरं झाकलेल्या भांड्यात नुसतंच, तुलनेसाठी. पाकातलं अंडं तरंगतं. वर लहान बशी ठेवून त्याला बुडतं ठेवा, नाहीतर अर्धं अंडं हवेत राहील. मधून एकदा पाक हलवा, कारण अंड्यातून निघालेलं पाणी त्याच्याभोवतीच साचून पाक पातळ करतं आणि वेग मंदावतो.

२४ तासांनी पुन्हा टिपून तोला. समजा आधी ७२ ग्रॅम होतं आणि पाण्यात ८० झालं, तर ८ भागिले ७२ गुणिले १००, म्हणजे ११% वाढ. पाकातलं अंडं सुरकुतून ढिलं पडलेलं असेल, हातात घेतलं की लिबलिबित. त्यालाच धुऊन साध्या पाण्यात ठेवलं की ते पुन्हा फुगतं, हा भाग मुलांना सगळ्यात आवडतो.

पाकाऐवजी मिठाचं पाणी घेण्याचा मोह होईल. घेऊ नका. मिठाचे आयन बारीक असतात आणि या पडद्यातून सावकाश आत जातात. खारवलेली अंडी तशीच तर मुरतात. साखरेचा रेणू मोठा असल्यामुळे निकाल स्वच्छ येतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे वहीत लिहायला हवी: अंड्याचा हा पडदा म्हणजे प्रद्रव्यपटल, अर्थात पेशीचा स्वतःचा पडदा, नव्हे. तो प्रथिनांच्या तंतूंचा, टरफलाच्या आतला थर आहे. अंड्यातली खरी पेशी म्हणजे बलक आणि त्यावरचा छोटा ठिपका. पांढरा भाग पेशीच्या बाहेरचा. तेव्हा अंडं हे पेशीचं प्रतिरूप झालं, पेशी नव्हे. परीक्षकाने हे विचारलं आणि तुम्ही सांगू शकलात, तर पुढचे प्रश्न सोपे जातात.

प्रयोगातली कच्ची अंडी खायची नाहीत, आणि हात साबणाने धुवायचे.

प्रयोग दुसरा: रक्ताच्या नळ्या

आता खरीखुरी प्राणीपेशी. तांबडी पेशी या कामाला अगदी योग्य, कारण फुटली की हिमोग्लोबिन बाहेर पडून स्वतःच साक्ष देते.

रक्त कोणाचं? वर्गात एकमेकांची बोटं टोचण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीचा धोका एका प्रयोगासाठी पत्करण्यात अर्थ नाही. खाटकाकडून बोकडाचं ताजं रक्त आणा. रक्त गोठू नये म्हणून जाताना बाटलीत ३.८% सोडियम सायट्रेट घालून न्या, १ भाग सायट्रेटला ९ भाग रक्त, आणि बाटली हलक्या हाताने उलटीसुलटी करा. जोरात हलवली तर पेशी तिथेच फुटतील आणि सगळ्या नळ्या लाल दिसतील. हातमोजे घाला.

१% मिठाचं साठा-द्रावण करा: १० ग्रॅम शुद्ध मीठ, ऊर्ध्वपातित पाण्यात, एकूण १ लिटर. प्रत्येक नळीत एकूण ५ मिली द्रावण हवं. हवी ती टक्केवारी गुणिले ५ एवढे मिली साठा-द्रावण घालायचं, उरलेलं ऊर्ध्वपातित पाणी. ०.९% साठी ४.५ मिली साठा आणि ०.५ मिली पाणी, ०.६% साठी ३ आणि २, ०.३% साठी १.५ आणि ३.५. अशा ०.९, ०.८, ०.७, ०.६, ०.५, ०.४, ०.३ आणि शेवटी निव्वळ पाणी, एवढ्या नळ्या पुरतात. क्रमांक आधी घाला, द्रावण नंतर. नंतर ओळखू म्हणणारा कधीच ओळखत नाही, कारण सगळी द्रावणं पाण्यासारखीच दिसतात.

प्रत्येक नळीत एकेक थेंब रक्त, सारख्याच ड्रॉपरने. नळी तोंडावर पॅराफिन पट्टी लावून दोनदा हळूच उलटवा. ३० मिनिटं तशीच ठेवा.

मग नळीमागे काळी रेघ ओढलेला पांढरा कागद धरा. पेशी शाबूत असतील तर द्रावण गढूळ असतं, रेघ दिसत नाही. पेशी फुटल्या असतील तर द्रावण लाल पण पारदर्शक होतं आणि रेघ स्पष्ट दिसते. बघणाऱ्याला इथे चकवा बसतो: ‘लाल’ सगळ्याच नळ्या असतात, पाहायचं ते गढूळपणाकडे. सेंट्रिफ्यूज असेल तर ५ मिनिटं फिरवा. शाबूत पेशी तळाशी बसतात आणि वरच्या द्रवाचा रंग थेट फुटलेल्या पेशी सांगतो. कलरीमीटरमध्ये हिरव्या गाळणीने (५४० नॅनोमीटर) वाचन घेऊन निव्वळ पाण्याच्या नळीला १००% धरलं की टक्केवारीही काढता येते आणि आलेख काढला तर तो इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा वळतो.

माणसाच्या रक्तात फुटण्याची सुरुवात साधारण ०.४५ ते ०.५% ला होते आणि ०.३ ते ०.३५% च्या सुमारास सगळ्या पेशी फुटतात. बोकडाच्या रक्तात हे बऱ्याच आधी, ०.६% च्या आसपास किंवा त्याच्याही वर सुरू झालेलं दिसेल. शेळीच्या तांबड्या पेशी फार लहान आणि फार नाजूक असतात. पुस्तकातला आकडा आला नाही म्हणून वहीत तो बदलू नका. तुमचा आकडाच बरोबर आहे. कोंबडीच्या रक्ताने केला तर पेशी लंबगोल, केंद्रक असलेल्या आणि जास्त चिवट निघतात. उंटाच्या पेशी तर मूळ घनफळाच्या दुपटीहून अधिक फुगल्या तरी टिकतात. दिवसेंदिवस तहानलेला उंट एका बैठकीत भरपूर पाणी पितो तेव्हा रक्त काही काळ पातळ होतं, तिथे हा चिवटपणा उपयोगी पडतो.

०.४५ हाच आकडा का?

हे मोजून काढता येतं, आणि मला तरी या विषयातली ही सगळ्यात देखणी आकडेमोड वाटते.

माणसाच्या तांबड्या पेशीचं घनफळ सुमारे ९० घन मायक्रॉन आणि पृष्ठफळ सुमारे १४० चौरस मायक्रॉन. दोन्ही बाजूंनी खोलगट असल्याने तिच्याकडे गरजेपेक्षा जास्त कातडी आहे. पडदा ताणला जवळजवळ जात नाही, पण पेशी गोल होऊ शकते. १४० चौरस मायक्रॉनच्या गोलात मावतं सुमारे १५५ घन मायक्रॉन. म्हणजे पेशी मूळच्या साधारण १.७ पट होईपर्यंत तग धरेल, पुढे फाटेल.

आता बाहेरचं द्रावण पातळ केल्यावर ती किती फुगते? पेशीतला सुमारे ४०% भाग हिमोग्लोबिन वगैरेंचा, जो या हिशेबात हलत नाही. हलणारा भाग ६०%. ०.६% द्रावण ०.९ च्या दोन-तृतीयांश, म्हणून हलणारा भाग दीडपट: ०.४ + ०.६ × १.५ = १.३ पट. पेशी फुगली, शाबूत आहे. ०.४५% मध्ये हलणारा भाग दुप्पट: ०.४ + १.२ = १.६ पट. सरासरी पेशी कशीबशी टिकते, पण ज्यांची कातडी कमी उरली आहे अशा जुन्या पेशी फुटू लागतात. ०.३६% मध्ये ०.४ + ०.६ × २.५ = १.९ पट, बहुतेकींचा निकाल लागला. उलट १.८% मध्ये ०.४ + ०.३ = ०.७ पट, आकसलेली. माणसाच्या रक्ताचे वर दिलेले आकडे आणि हा कागदावरचा हिशेब किती जवळ येतात, ते वर्गात फळ्यावर एकदा मांडून बघा.

सूक्ष्मदर्शकाखाली

०.९%, ०.६% आणि ३% अशा तीन द्रावणांचे १-१ मिली घेऊन प्रत्येकात रक्ताचा अगदी लहान थेंब मिसळा. त्यातला एक थेंब काचपट्टीवर, वर आवरणकाच, ४० च्या भिंगाखाली. बोकडाच्या पेशी फारच बारीक दिसतील. इथे कोंबडीचं रक्त किंवा प्रयोगशाळेतलं तपासून उरलेलं रक्त सोयीचं.

३% मध्ये पेशीच्या कडेला काटे आलेले दिसतात. पण थांबा. पट्टी सुकू लागली तरी काटे येतात, आणि नुसत्या काचेच्या संपर्कानेही काही पेशी तशा दिसतात. म्हणून आधी ०.९% ची पट्टी पाहायची, तिच्यात किती काटेरी आहेत ते मोजायचं, आणि मगच ३% बद्दल बोलायचं.

युरियाची नळी

प्रयोगशाळेतला शुद्ध युरिया घ्या. खताच्या दुकानातला नको, त्याला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. लिटरला १८ ग्रॅम. रेणूभार ६०, म्हणजे ३०० मिलीऑस्मोल. मोजमापाने हे ०.९% सलाईनच्या बरोबरीचं. विद्यार्थ्यांना आधी अंदाज लिहायला लावा; जवळजवळ सगळे ‘काही होणार नाही’ लिहितात.

रक्ताचा थेंब टाका. माणसाच्या रक्तात नळी काही सेकंदांत पारदर्शक होते, जणू निव्वळ पाणीच ओतलं होतं. इतर प्राण्यांच्या पेशींना जास्त वेळ लागू शकतो, कोंबडीच्या बऱ्याच तग धरतात. कारण सरळ आहे: युरिया पडदा ओलांडतो. तो आत शिरला की आतले कण वाढतात, पाणी मागोमाग येतं, पेशी फुटते. सलाईनमधलं मीठ बाहेरच राहिलं होतं, म्हणून तिथे पेशी सुखरूप होती.

आता १८ ग्रॅम युरिया आणि ९ ग्रॅम मीठ एकाच लिटरमध्ये विरघळवा. एकूण ६०८ मिलीऑस्मोल, रक्ताच्या दुप्पट. तरीही पेशी क्षणभर आकसतात आणि युरिया दोन्हीकडे सारखा झाला की मूळ आकाराला येतात. एकूण कणांचा आकडा मोठा, पण पेशीच्या दृष्टीने हे द्रावण समपरासारीच. सुरुवातीचा दुसरा प्रश्न का विचारायचा, ते या दोन नळ्या दाखवतात.

दवाखान्यातलं ५% डेक्स्ट्रोजही याच जातीचं. बाटलीत ते रक्ताच्या आसपास, म्हणून शिरेत सोडताना तांबड्या पेशी फुटत नाहीत. पण पेशी ग्लुकोज घेऊन वापरून टाकतात आणि मागे उरतं नुसतं पाणी. म्हणून मेंदूला सूज असलेल्या रुग्णाला डॉक्टर ते देण्याचं टाळतात, आणि रक्तातलं सोडियम धोकादायक घसरून मेंदू सुजला तर ३% सलाईन वापरतात, तेही मोजून-मापून.

हीच नळी रक्ततपासणीत आणि घरात

काळ्या रेघेची युक्ती भारतात थॅलेसेमियाच्या (रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराच्या) प्राथमिक चाचणीतही वापरली जाते, नेस्ट्रॉफ्ट या नावाने. ०.३६% बफर केलेल्या सलाईनमध्ये थोडं रक्त, अर्धा तास, मागे रेघ. रेघ दिसली तर पेशी नेहमीसारख्या फुटल्या. दिसली नाही तर पेशी फुटायला तयार नाहीत: थॅलेसेमिया वाहकांच्या पेशीत माल कमी आणि कातडी जास्त, म्हणून त्यांना फुगायला जागा जास्त असते. लोहाच्या कमतरतेतही असंच दिसू शकतं, त्यामुळे पुढे एचबीए-२ या हिमोग्लोबिनच्या प्रकाराची तपासणी लागतेच.

घरात ओआरएस. सध्याचं सूत्र लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९, एकूण २४५ मिलीऑस्मोल. रक्तापेक्षा मुद्दाम कमी, म्हणजे आतड्यातून पाणी रक्ताकडे जाईल. शिवाय ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत ओढले जातात आणि पाणी त्यांच्यामागे. एक लिटरचं पाकीट एका पेल्यात घोळलं तर सगळं उलटं होतं: द्रावण अतिपरासारी होऊन पाणी आतड्यात उतरतं आणि जुलाब वाढतात. २०० मिलीची छोटी पाकिटंही मिळतात, म्हणून पाकिटावरचं माप वाचूनच पाणी घ्या. गोड शीतपेयं ओआरएसच्या जागी देऊ नयेत, त्याचं कारणही हेच.

जलनेती करणाऱ्यांसाठी: उकळून गार केलेलं अर्धा लिटर पाणी, साडेचार ग्रॅम मीठ. चमच्यापेक्षा काट्यावर मोजा, कारण चमचे लहान-मोठे असतात. साधं पाणी नाकात झोंबतं ते नाकाच्या अस्तरातल्या पेशी फुगल्यामुळे, आणि मीठ जास्त झालं तरी झोंबतंच.

काम संपलं की रक्ताच्या नळ्या आणि पट्ट्या ब्लीचच्या पातळ द्रावणात अर्धा तास बुडवा, मगच धुवा. पाकातल्या अंड्याची बरणी मात्र त्याच दिवशी रिकामी करा, मुंग्यांची रांग यायला फार वेळ लागत नाही.